४० सत्रांचे पैसे भरण्याआधी

चोपडा तालुक्यातील एका गावातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव-गाव न देता पत्राचा सारांश देत आहे.

"माझा मुलगा ९ वर्षांचा असून चौथीत शिकतो. दुसरीपर्यंत तो गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होता. तिसरीपासून आम्ही त्याला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातले आणि तेव्हापासून डायरीत एकच शेरा येतो की मुलाचे वर्गात लक्ष नसते. अभ्यासाला बसला की पाच मिनिटांत उठतो, पेन्सिली हरवतो, दोन कामे सांगितली तर एकच करतो. कधी कधी जेवताना घास हातात धरून एकटक बघत राहतो आणि हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही. मोबाइल मात्र दोन-दोन तास सोडत नाही. केळीला पाणी द्यायची लाइट रात्रीची असली, की वडिलांबरोबर शेतात जाण्याचा हट्ट धरतो. जळगावच्या एका केंद्रात त्याच्या डोक्याला पट्टा लावून 'ब्रेन मॅपिंग' केले. मेंदूत थीटा लहरी वाढल्या आहेत, न्यूरोफीडबॅकची ४० सत्रे करावी लागतील, असे तिथे सांगितले. एका सत्राचे १,५०० याप्रमाणे ६०,००० रुपये होतात. कपाशी विकली की भरू, असे यजमान म्हणतात. सासूबाई म्हणतात, पोरगं वांड आहे, दुसरं काही नाही. हे शास्त्र खरे आहे का? त्याने मेंदूला अपाय तर होणार नाही? आणि हे पैसे भरावेत का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण तुम्ही विचारलेल्या तीन प्रश्नांपेक्षा त्यातले एक साधे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले. त्या वाक्याकडे मी पुढे येतेच. आधी तुमच्या प्रश्नांची सरळ उत्तरे देते. मेंदूच्या लहरी मोजून त्या मुलाला पडद्यावर दाखवायच्या आणि त्या बदलण्याचा सराव त्याच्याकडून करून घ्यायचा, ही न्यूरोफीडबॅकची कल्पना खोटी नाही. तिच्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचे संशोधन आहे. केवळ लहरी वाचणाऱ्या पट्ट्याने मेंदूला इजा होत नाही. आणि असे असूनही, आजच्या घडीला ते ६०,००० रुपये भरू नका, असेच मी तुम्हांला सांगेन. ही तीन उत्तरे एकत्र कशी नांदतात, ते समजावून सांगण्यासाठी थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

मेंदूतल्या पेशी विजेच्या अतिसूक्ष्म संकेतांनी काम करतात. असंख्य पेशी एका ठेक्यात आल्या, की त्यांची एकत्रित चाहूल कवटीबाहेर, डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचते. जर्मनीतील येना शहरातले मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून ती प्रथम नोंदवली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच नोंदीला आपण आज ईईजी म्हणतो. ही वीज असते तरी किती? साधारण ५० मायक्रोव्होल्ट धरली, तर भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्या दीड व्होल्टच्या सेलच्या तीस हजाराव्या हिश्शाएवढी. लहरी सेकंदाला किती वेळा वरखाली होतात यावरून त्यांना नावे पडली आहेत. ४ ते ८ वेळा होणारी थीटा, ८ ते १२ वेळा होणारी अल्फा आणि १३ ते ३० वेळा होणारी बीटा. माणूस पेंगुळलेला असला की थीटा वाढते आणि तो जागेपणी एखाद्या कामात गुंतला की बीटाचे प्रमाण वाढते, असे ढोबळमानाने म्हणता येते. केंद्रातला संगणक थीटाचे बीटाशी असलेले प्रमाण सतत काढत असतो, आणि ते ठरवलेल्या पातळीखाली उतरले की पडद्यावरच्या खेळातली गाडी पळू लागते. प्रमाण वर गेले की गाडी थांबते. मुलाला 'लक्ष दे' असे कोणी म्हणत नाही. गाडी पळती ठेवण्याच्या खटपटीत त्याच्या मेंदूला ती स्थिती सापडावी आणि पुढे सवयीची व्हावी, अशी अपेक्षा असते.

या विद्येचा इतिहास मान द्यावा असाच आहे, म्हणून तो गाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये बॅरी स्टर्मन यांनी १९६० च्या दशकात मांजरांना खाऊचे बक्षीस देऊन मेंदूतली एक ठरावीक लहर वाढवायला शिकवले. पुढे अग्निबाणाच्या इंधनाच्या विषारीपणाची तपासणी करताना असे दिसले, की ही शिकलेली मांजरे झटक्यांना इतरांपेक्षा अधिक काळ तोंड देत होती. त्यातून फेपऱ्याच्या रुग्णांवर प्रयोग सुरू झाले. १९७३ मध्ये लॉस एंजलिसच्या विद्यापीठात जॅक विदाल यांनी मेंदू आणि संगणक यांच्या थेट जोडणीला नाव दिले. १९७६ मध्ये टेनेसी विद्यापीठातील जोएल लुबार यांनी ही पद्धत अतिचंचल मुलासाठी वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. आणि १९९९ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगन येथे नील्स बिरबाउमर यांच्या गटाने, सर्वांग लुळे पडलेल्या रुग्णांनी केवळ मेंदूच्या संथ लहरी नियंत्रित करून संगणकावर एकेक अक्षर निवडल्याचे जगाला दाखवले. ज्यांना बोट हलवता येत नव्हते, त्यांनी पत्र लिहिले. तेव्हा 'हे सगळे थोतांड आहे' असे तुम्हांला कोणी सांगितले, तर तेही मानू नका.

अडचण येते ती दोन ठिकाणी. पहिली मोजण्यात आणि दुसरी परिणाम सिद्ध करण्यात.

मोजण्याचे आधी सांगते. मेंदूची वीज इतकी क्षीण असते, की डोळ्याची एक उघडझाप तिच्यावर सहज मात करते. दात आवळले, कपाळाला आठी घातली, मान ताणली, तर त्या स्नायूंची वीज नेमकी बीटा लहरींत मिसळते. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट असतो, तो वेगळाच. चांगल्या प्रयोगशाळेत डोक्याच्या ठरलेल्या जागांवर जेल लावून इलेक्ट्रोड बसवतात, प्रत्येकाचा संपर्क तपासतात, आणि स्नायूंचे व पापण्यांचे झटके नोंदीतून वेगळे काढतात. नुसता कपाळावर बांधलेला कोरडा पट्टा मुख्यतः कपाळाच्या स्नायूंच्या आणि डोळ्यांच्या शेजारची वीज गोळा करतो. अशा पट्ट्यावर गाडी पळाली, तर ती लक्षामुळे पळाली की मुलाने कपाळ आवळून धरल्यामुळे, हे दरवेळी सांगता येत नाही. आणि मुले फार हुशार असतात, गाडी कशाने पळते ते त्यांना दुसऱ्याच दिवशी कळते.

आता 'थीटा वाढली आहे' या वाक्याकडे पाहू. लहान मुलांमध्ये थीटा मुळातच जास्त असते आणि वयाबरोबर कमी होत जाते. अपुऱ्या झोपेने ती वाढते. म्हणजे आदल्या रात्री अकरापर्यंत वडिलांबरोबर केळीच्या बागेत जागलेल्या आणि पहाटे उठून गाडीतून जळगावला आलेल्या मुलाचे 'ब्रेन मॅपिंग' केले, तर त्यात थीटा वाढलेली दिसण्यात नवल काहीच नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये थीटा-बीटाचे प्रमाण मोजणाऱ्या एका उपकरणाला परवानगी दिली खरी. परंतु ती ६ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये डॉक्टरांच्या पूर्ण तपासणीला पूरक म्हणून, एकट्याने लक्षाच्या विकाराचे (एडीएचडीचे) निदान करण्यासाठी नव्हे. त्याच सुमारास वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा अनेक निरोगी मुलांमध्ये हे प्रमाण वाढलेले आणि लक्षाचा विकार असलेल्या अनेक मुलांचे ते वाढलेले नसल्याचे आढळले. त्या केंद्राने तुमच्या हाती दिलेला लाल-निळ्या रंगांचा कागद हे निदान नाही. त्या कागदावर तुमच्या मुलाचे वय लिहिले असेल, पण तो आदल्या रात्री किती तास झोपला होता हे लिहिले आहे का, ते पाहा.

दुसरी अडचण परिणामाची. सुरुवातीच्या अनेक अभ्यासांत निष्कर्ष उत्साहवर्धक होते, परंतु त्यांत मुलामध्ये सुधारणा झाली की नाही हे सांगणारे आईवडीलच होते, आणि आपले मूल उपचार घेत आहे हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना हे ठाऊक नव्हते, अशा व्यक्तींच्या नोंदी पाहिल्या, की तीच सुधारणा बारीक होत जात असे किंवा दिसेनाशी होत असे. हा प्रश्न कायमचा सोडवण्यासाठी अमेरिकेत दोन ठिकाणी एक चाचणी झाली, तिचा निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काटेकोर निदान झालेली, थीटाचे प्रमाण खरोखरच जास्त असलेली ७ ते १० वर्षांची १४४ मुले निवडली. काहींना खरे न्यूरोफीडबॅक दिले. उरलेल्यांना अगदी तसेच यंत्र, तोच खेळ, तितकाच वेळ दिला. फक्त त्यांचा खेळ चालत होता तो आधी नोंदवून ठेवलेल्या, दुसऱ्याच कोणाच्या तरी लहरींवर, आणि खरे वाटावे म्हणून त्यात त्या मुलाच्या स्वतःच्या उघडझापीचे झटके मिसळले होते. कोणाला खरे आणि कोणाला खोटे, हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना आणि सत्र घेणाऱ्यांनाही कळू दिले नव्हते. ३८ सत्रांपर्यंतचा कार्यक्रम पार पडल्यावर पालकांच्या आणि शिक्षकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दोन्ही गटांतील मुलांचे लक्ष स्पष्टपणे सुधारलेले होते, आणि दोहोंत गणतीत धरावा असा फरक नव्हता. १३ महिन्यांनंतरही तो आढळला नाही. एवढे मात्र सांगायला हवे, की खऱ्या गटातल्या मुलांना तोपर्यंत औषधाची गरज काहीशी कमी लागली होती. २०२४ च्या अखेरीस 'जामा सायकायट्री' या नियतकालिकात ३८ चाचण्यांतील २,४७२ व्यक्तींची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यातही, उपचाराची माहिती नसलेल्यांच्या नोंदी धरल्या तर, लक्षाच्या विकारात ठळक असा फायदा एकंदरीत दिसला नाही.

याची दुसरी बाजूही तुमच्यापुढे ठेवते. सिंगापूरमध्ये २०१९ साली ६ ते १२ वर्षांच्या १७२ मुलांवर, डोक्याला पट्टा लावून खेळायच्या खेळाची चाचणी प्रसिद्ध झाली. आठवड्याला ३ याप्रमाणे ८ आठवड्यांत २४ सत्रे झाली. डॉक्टरांनी दिलेल्या गुणांत खेळणाऱ्या मुलांचे दुर्लक्ष सरासरी ३.५ गुणांनी घटले आणि आपल्या पाळीची नुसती वाट पाहणाऱ्या मुलांचे १.९ गुणांनी. ते गुण एकूण २७ पैकी असतात, हे ध्यानात घ्या. फरक आहे, पण लहान आहे. आणि तुलनेतल्या मुलांना खोटा खेळसुद्धा दिलेला नसल्यामुळे तो फरक पट्ट्याचा की आठवड्यातून तीनदा मिळालेल्या सोबतीचा, हे त्यातून ठरत नाही.

ताई, मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटतात ती अमेरिकेतल्या चाचणीत खोट्या यंत्रासमोर बसलेली मुले. त्यांच्या लहरींना कोणी काही शिकवले नव्हते. तरीही ती सुधारली. त्यांना काय मिळाले होते ते आठवून पाहा. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी एक मोठे माणूस त्यांच्याशेजारी शांतपणे बसत होते. समोर एकच काम होते, बाकी काही नव्हते. थोड्या थोड्या वेळाने 'जमले' अशी खूण मिळत होती. चुकले म्हणून कोणी रागावत नव्हते, फक्त गाडी थांबत होती. घरात आणि शाळेत दिवसभर 'तुनं ध्यान कोठे शे?' एवढेच ऐकणाऱ्या मुलाला असा अर्धा तास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यासाठी ६०,००० रुपये लागत नाहीत. ते घरी कसे देता येईल, ते पुढे लिहिले आहे.

त्याआधी ते वाक्य. 'जेवताना घास हातात धरून एकटक बघत राहतो आणि हाक मारली तरी त्याला ऐकू येत नाही.' तुम्ही ते ओघात लिहून गेलात, पण त्यावर मी थांबले. बहुतेक मुले तंद्री लागल्यामुळेच अशी हरवतात आणि त्यात काळजीचे काही नसते. परंतु मुलांमध्ये फेपऱ्याचा एक सौम्य दिसणारा प्रकार असतो, तो साधारण ४ ते १० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. चालू असलेले बोलणे किंवा खाणे मध्येच थांबते, नजर शून्यात जाते, कधी पापण्या फडफडतात, आणि पाच-दहा-पंधरा सेकंदांत मूल जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते. मधल्या वेळाची त्याला आठवण नसते. असे दिवसातून कितीतरी वेळा होऊ शकते. वर्गात अशा मुलाच्या कानावरून प्रत्येक वाक्याचा तुकडा निसटतो आणि डायरीत शेरा येतो की लक्ष नसते.

दोहोंतला फरक तुम्ही घरीच पाहू शकता. तंद्री लागलेले मूल खांद्याला हात लावला की दचकून भानावर येते. या झटक्यात स्पर्शानेही परत येत नाही. तंद्री कंटाळ्याच्या वेळी लागते. झटका खेळताना, आवडीचे खाताना, बोलताना शब्दाच्या मध्येही येतो. पुढच्या वेळी असे झाले, की घाबरू नका, मोबाइल हातात घ्या आणि त्याचे चित्रीकरण करा, मनातल्या मनात सेकंद मोजा. ते दहा सेकंदांचे चित्रीकरण डॉक्टरांना शंभर वाक्यांपेक्षा अधिक सांगेल. मग मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन संपूर्ण ईईजी करून घ्या. त्यात साऱ्या डोक्यावर वीसेक इलेक्ट्रोड लावतात आणि मुलाला काही मिनिटे जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, कारण त्याने हा झटका उमटतो. हा प्रयोग तुम्ही घरी करू नका. झटका असेल तर नोंदीत सेकंदाला तीनदा येणाऱ्या टोकदार लहरींचा असा ठसा उमटतो, की तो ओळखण्यात शंका राहत नाही, आणि योग्य औषधाने बहुतेक मुलांचे झटके आटोक्यात येतात. मेंदूच्या लहरी मोजण्याचे यंत्र तुमच्या मुलाच्या खरोखर कामी पडेल ते इथे. बर्गरच्या शोधाचा हा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे आणि त्याचा खर्च त्या ४० सत्रांच्या मानाने फारच थोडा आहे. केंद्रात पट्टा लावण्याआधी 'मूल मध्येच हरवते का' हा प्रश्न तुम्हांला कोणी विचारला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ही शंका फिटली, तर पुढे साध्या गोष्टी. डोळे तपासा, फळ्यावरचे दिसत नसलेले मूल खिडकीबाहेरच बघणार. कान तपासा. रक्तातले हिमोग्लोबिन तपासा. आणि झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. सकाळच्या शाळेसाठी तो साडेपाचला उठत असेल, तर साडेआठला अंथरुणात असायला हवा. रात्रीच्या लाइटवर पाणी देणे हा तुमच्या घराचा नाइलाज आहे हे मी जाणते, सबंध खानदेशातल्या बागायतदारांचा तो नाइलाज आहे. पण त्यात मुलाची पाळी नको. सुटीच्या आदल्या रात्री एखादे वेळी जाऊ द्या, वडिलांबरोबर बांधावर बसण्याचा आनंद त्याच्याकडून पूर्ण काढून घेऊ नका, पण शाळा असलेल्या रात्री नाही. मोबाइल झोपण्याच्या तासभर आधी बंद. दोन तास मोबाइलवर खिळून बसतो म्हणजे त्याचे लक्ष चांगले आहे, असे सासूबाईंना वाटत असेल. तसे म्हणता येत नाही. दर दोन सेकंदांना बक्षीस देणाऱ्या पडद्यावर लक्षाचा विकार असलेली मुलेही खिळून राहतात.

भाषेचे मात्र मी विसरू इच्छीत नाही. तुमच्या घरात अहिराणी बोलतात, असे पत्राच्या भाषेवरून वाटते. दुसरीपर्यंत मुलाने शाळेत मराठी ऐकली आणि तिसरीत एकदम इंग्रजी. तक्रार सुरू झाली ती नेमकी तेव्हापासून. जे कळत नाही त्यावर कोणाचेही लक्ष टिकत नाही, तुमचे-माझेही नाही. एका संध्याकाळी त्याच्या आजीला अहिराणीतून त्याने पूर्वी न ऐकलेली एखादी लांबलचक गोष्ट सांगायला लावा आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडून परत ऐका. गोष्ट बहुतेक सगळी परत आली, तर अडचण लक्षापेक्षा भाषेची असण्याचा संभव मोठा. चौथीच्या मराठी पुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायला लावा. बोलण्यात तरबेज असून वाचताना अक्षरे गाळत, अडखळत, घामाघूम होत असेल, तर वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता तपासावी लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात.

एवढे होऊनही अडचण उरली, तर मग लक्षाच्या विकाराचे, म्हणजे एडीएचडीचे, रीतसर निदान करून घ्या. ते एखाद्या यंत्राने होत नाही. लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत, सहा महिन्यांहून अधिक काळ हवीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी हवीत. म्हणून आईवडिलांशी आणि शिक्षकांशी सविस्तर बोलल्याशिवाय कोणताही चांगला डॉक्टर ते निदान देत नाही. तुमच्या मुलाची दुसरीपर्यंत काहीच तक्रार नव्हती, हे त्यांना आवर्जून सांगा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आणि जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात चौकशी करा. कुठे जावे हे कळत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतून बोलता येते. निदान पक्के झाले आणि त्रास बराच असला, तर डॉक्टर मिथाइलफेनिडेटसारखे औषध सुचवतील. त्या नावाने घाबरून जाऊ नका. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे असे त्याचे त्रास असतात आणि त्यासाठी वजन-उंची पाहत राहावी लागते. परंतु या विकारावर त्याच्याइतका भक्कम पुरावा न्यूरोफीडबॅकपाशी आज नाही.

आता घरचा अर्धा तास. संध्याकाळी ठरलेली एक वेळ घ्या, टीव्ही बंद, दप्तर दूर, समोर एकच वही. पंधरा मिनिटांहून मोठे काम देऊ नका, सुरुवातीला दहाच. शेजारी तुम्ही बसा, हातात दुसरे काम न घेता. एक रिकामी बरणी आणि मूठभर चिंचोके जवळ ठेवा. तो कामात असेल तेव्हा दर दोन-तीन मिनिटांनी, काही न बोलता, एक चिंचोका बरणीत टाका. उठला, खिडकीकडे पाहू लागला, तर रागावू नका. चिंचोका पडत नाही, एवढेच. तो परत वळला की लगेच टाका. दहा चिंचोके झाले, की त्याच्या आवडीचे काहीतरी, पण वस्तू नको आणि मोबाइल तर नकोच. वडिलांबरोबर सायकलवर चक्कर, वासराला वैरण घालायला जाणे, असे काही. पडद्यावरची गाडी जे करते तेच हा चिंचोका करतो. फरक इतकाच, की गाडी लहर पाहते आणि तुम्ही मुलाला पाहता. मध्ये पाच मिनिटे उठून पाणी आणणे, अंगणात दोन फेऱ्या मारणे असू द्या. सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन, डोळ्याला डोळा भिडवून द्या. दुसऱ्या खोलीतून ओरडून दिलेल्या दोन सूचनांपैकी एकच पाळली जाते, हे तर तुम्हीच लिहिले आहे. शाळेत वर्गशिक्षिकांना भेटून पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवण्याची विनंती करा आणि घरचा लेखी अभ्यास काही दिवस निम्मा करून मागा.

सगळे करून झाल्यावर, निदान हाती आल्यावर आणि उपचार सुरू असताना, घरची अडचण न होता पैसे उरत असतील आणि यजमानांना तरीही प्रयोग करून पाहावासा वाटत असेल, तर मी आडवी येणार नाही. मात्र ४० सत्रांचे पैसे एकदम भरू नका. दहा सत्रांचे भरा. आठवड्याला दोन धरली तरी ४० सत्रांना पाच महिने लागतात, आणि दरवेळी एसटीने जळगावला जाण्या-येण्यात मुलाचा निम्मा दिवस व तुमची मजुरी जाते, तोही खर्च हिशेबात धरा. सत्र घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. यंत्र केवळ लहरी वाचते की डोक्यात वीज सोडते, हेही स्पष्ट विचारा. वीज सोडणारे यंत्र ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे आणि ती डॉक्टरांशिवाय नको. मुलाच्या लहरींची नोंद कोणाकडे राहते, ते लेखी घ्या. २०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर असे पट्टे बांधून कोणाचे लक्ष आहे आणि कोणाचे नाही हे शिक्षकांना दाखवले जात होते; ते उघड झाल्यावर लोकांनी इतका आक्षेप घेतला, की तो वापर थांबवावा लागला. आणि एक युक्ती करा. सत्रे सुरू आहेत हे वर्गशिक्षिकांना सांगू नका. दर शनिवारी त्यांच्याकडून लक्षाला दहापैकी गुण तेवढे लिहून घ्या, सत्रांच्या आधीचे चार आठवडे आणि सत्रे सुरू झाल्यावरचे पाच. ते गुण हलले नाहीत, तर अकराव्या सत्राचे पैसे भरू नका, केंद्राचा रंगीत आलेख कितीही चढलेला दिसला तरी.

मुलाला यातले काय सांगायचे, याचाही विचार करा. 'तुझ्या मेंदूत बिघाड आहे' हे शब्द त्या केंद्रात त्याच्या कानावर पडले असतील, तर ते आजच पुसून टाका. त्याच्याजवळ बसून सांगा, की तुझे डोळे, कान आणि मध्येच हरवणे हे आपण डॉक्टरांना दाखवणार आहोत, आणि रोज संध्याकाळी आई तुझ्याजवळ बसणार आहे. सासूबाईंना गोष्ट सांगायच्या कामाला लावलेच आहे. मूल वांड आहे की नाही याचा वाद त्यांच्याशी घालू नका, बरणीतले चिंचोके मोजायलाही त्यांनाच सांगा.

चित्रीकरण मिळाले आणि ईईजी झाला, की त्याचा निकाल मला जरूर कळवा. तो कसाही आला, तरी तीन आठवड्यांनी दुसरे पत्र लिहा आणि त्यात रोजच्या चिंचोक्यांचा आकडा व त्या रात्रीच्या झोपेचे तास एका ओळीत लिहून पाठवा. पुढचे काय करायचे, ते आपण त्या आकड्यांवरून ठरवू.